चेअरमनला मत कुणाचं लागतं? सहकारी साखर कारखान्यांची एक केस

आजोबांच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली साखर कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट होतं, पिवळं पडलेलं आणि घडीवर फाटत आलेलं. आजोबा चौथी शिकलेले, पण कारखान्याची वार्षिक सभा त्यांनी कधी चुकवली नाही. सकाळी सातलाच टोपी घालून निघायचे, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून आज कोण उभं राहून बोललं, चेअरमननं काय उत्तर दिलं, टनाला किती भाव जाहीर झाला हे सगळं घरच्यांना सांगायचे. तो कारखाना आज बंद आहे. त्याचं नाव मी इथं घेत नाही, कारण मला एका कारखान्याची तक्रार मांडायची नाहीये, मला हे समजून घ्यायचंय की जी गोष्ट तीस-चाळीस वर्षं एवढी नीट चालली ती नंतर इतक्या ठिकाणी का कोलमडली, आणि तीही माणसं तीच घराणी तीच आणि कायदाही जवळपास तोच असताना.

गरीब किंवा विकसनशील देशांबद्दल बोलताना गाडी नेहमी "भ्रष्टाचार आहे, कारभार नीट नाही, म्हणून विकास नाही" इथं येऊन थांबते. लंडनमधे शिकवणारे अर्थतज्ज्ञ मुश्ताक खान यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला. समाजात ताकद कुणाकडे आहे, ती कशावर उभी आहे, आणि ती टिकवायला त्या माणसाला कुणाला सांभाळावं लागतं हे आधी बघा, मग एकच कायदा एका ठिकाणी का चालतो आणि दुसरीकडे का नाही ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. याला पॉलिटिकल सेटलमेंट म्हणतात, मी सत्तेची घडी म्हणतो. आणि ही घडी बसताना आणि विस्कटताना बघायची असेल तर पश्चिम महाराष्ट्राच्या उसाइतकी जवळची केस मला तरी माहीत नाही.

कारखाना यायच्या आधी

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) प्रवरेच्या कालव्यांना बारमाही पाणी आलं ते भंडारदरा धरणामुळं, ते पूर्ण झालं १९२६ ला. पाणी आलं तसा ऊस वाढला, ऊस वाढला तशी गुऱ्हाळं वाढली, पण गुळाचा भाव ठरायचा पेठेतल्या व्यापाऱ्याकडे. तिशीच्या मंदीत गूळ एवढा पडला की ज्याच्याकडे पाणी तोच जास्त कर्जात गेला, कारण बागायतीला भांडवल लागतं आणि ते यायचं सावकाराकडून. १९३२ मधे सरकारनं देशी साखर धंद्याला संरक्षण दिलं आणि खासगी साखर कंपन्या भराभर उभ्या राहिल्या. या कंपन्यांची पद्धत अशी की शेतकऱ्याकडून ऊस घेत बसायचं नाही, जमीनच खंडानं घ्यायची, हजारो एकर, आणि स्वतःच्या मळ्यात ऊस लावायचा. ज्यांनी जमीन दिली ते खंडकरी, आणि त्यातल्या कित्येकांवर आपल्याच शेतात मजुरीला जायची वेळ आली. पुढं १९६१ च्या सीलिंग कायद्यानं (एकाकडे जास्तीत जास्त किती जमीन असावी याचा कायदा) कंपन्यांच्या या जमिनी सरकारनं घेतल्या, त्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालकांच्या वारसांना परत मिळायला जवळपास अर्धं शतक गेलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय कारण सहकाराची भूक कुठून आली ते यात आहे. कारखाना दुसऱ्याचा असला की जमीनही जाते, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

लोणी

विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे शेतकरी. १९२३ मधे त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती, म्हणजे कारखान्याच्या पंचवीस वर्षं आधी कर्ज देणं, वसूल करणं, हिशोब लिहिणं याची सवय गावाला लागलेली होती. १९४५ मधे बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाईतदारांची परिषद झाली, अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढायचा विचार तिथं पुढं आला. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते, त्यांचा पाठिंबा मिळाला. विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करत होते आणि गाडगीळ बँका आणि सरकारदरबारी कागद हलवत होते, सुरुवातीची वर्षं चेअरमनही गाडगीळच होते. १९५० च्या अखेरीला लोणीच्या या प्रवरा कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं.

या जोडीबद्दल मला मनापासून आदर आहे. एकाकडे गावाचा विश्वास आणि दुसऱ्याकडे पुण्या-मुंबईचा, दोघांपैकी एक जरी नसता तरी मला वाटतं हे झालं नसतं.

घडी कशी बसली

प्रवरा चाललं म्हटल्यावर बाकीच्यांनीही मागणी सुरू केली. पन्नाशीच्या दशकात नवीन साखर कारखान्याचं लायसन देताना केंद्र सरकार सहकाराला प्राधान्य द्यायचं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि दोन वर्षांत तीन मोठे कायदे आले: १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६१ चा जिल्हा परिषद-पंचायत समितीचा कायदा आणि १९६१ चाच सीलिंगचा कायदा. वेगवेगळे वाचले तर तीन कायदे, एकत्र वाचले तर एक अख्खी राज्यरचना. सीलिंगनं खासगी कंपन्यांचे मळे मोडले. जिल्हा परिषदेनं गावाकडच्या पुढाऱ्याला शाळा, रस्ते, बदल्या आणि बजेट दिलं. सहकारानं त्याला कारखाना दिला.

कारखान्याच्या भांडवलाचा हिशोब पुढं साधारण असा रूढ झाला की १० टक्के सभासदांचे शेअर, ३० टक्के राज्य सरकारचं भागभांडवल आणि ६० टक्के कर्ज, त्या कर्जालाही सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरणार. म्हणजे शंभर रुपयांच्या कारखान्यात शेतकऱ्याचे दहा, पण मालकी शेतकऱ्याची, आणि मत एका माणसाला एकच, शेअर कितीही असू देत. ज्यानं या योजनेत डोकं घातलं असेल त्याला माझा नमस्कार आहे, कारण पाच एकरवाल्याला यंत्रसामग्रीचा मालक करायचा एवढा सरळ रस्ता दुसऱ्या कुठल्या राज्यानं एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरलेला मला माहीत नाही.

आणि त्यात राजकारण पहिल्या दिवसापासून होतं. चेअरमन व्हायला सभासदांची मतं लागायची, चेअरमन झाला की तालुका हातात, मग झेडपी, मग आमदारकी, आमदार झाला की मुंबईतून कारखान्याच्या विस्ताराला परवानगी, भागभांडवल, लिफ्ट इरिगेशनची स्कीम, आणि ते आणलं की परत सभासद खूश. वसंतदादा पाटील सांगलीच्या कारखान्यातून वर आले आणि मुख्यमंत्री झाले. वारणेला तात्यासाहेब कोरे, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील, संगमनेरला भाऊसाहेब थोरात, कोपरगावात तर काळे आणि कोल्हे असे दोन गट आणि दोन कारखाने. काँग्रेसला खेड्यात वेगळी फौज उभी करायची गरजच पडली नाही, कारखान्याचं गट ऑफिस आणि चिटबॉय (गावोगाव उसाच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस) हेच तिचं नेटवर्क होतं. बहुतेक नेते मराठा बागायतदार, जमिनीचे आणि जातीचे धागे एकमेकांत गुंतलेले, पण बेरजेचं राजकारण म्हणून बाकीच्यांनाही थोडी थोडी जागा.

मग भाव का मिळाला?

हा खरा प्रश्न आहे. पुढाऱ्याच्या हातात कारखाना, सरकारची हमी, म्हणजे लूट व्हायला पाहिजे होती, तशी पहिली काही दशकं बऱ्याच ठिकाणी झाली नाही. उलट पश्चिम महाराष्ट्रात भाव चांगला, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) चांगला, पैसे वेळेत.

याची कारणं उसाच्या स्वभावात आणि निवडणुकीच्या गणितात आहेत. ऊस तोडला की घरात ठेवता येत नाही, एक-दोन दिवसांत गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. कारखाना रोज पूर्ण क्षमतेनं चालला तरच परवडतो. कॅनडाचे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी बारामतीजवळच्या माळेगाव भागात बरीच वर्षं काम केलं, त्यांचा मुद्दा मला फार पटतो: मोठ्या बागायतदाराच्या एकट्याच्या उसावर कारखाना चालत नाही, त्याला लहान शेतकऱ्याचा ऊस लागतोच, म्हणून तो लहानाला तोडू शकत नाही. त्यात भाव सगळ्यांना टनाला सारखाच द्यावा लागतो, मोठा आपल्यासाठी वेगळा भाव लावू शकत नाही. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावचा कारखाना धरून अभ्यास केला होता, तिथंही हेच दिसतं की गटबाजी भरपूर, पण त्या गटबाजीमुळंच चेअरमनवर नजर. विरोधी पॅनेलला वजनकाट्यात दहा किलोचा फरक सापडला तरी पुढच्या सभेत तो माईकवर येणार.

आमच्या घरातला अनुभवही तसाच. आजोबा सांगायचे की एका वर्षी शेजारच्या कारखान्यानं टनाला थोडे जास्त दिले तर सभेत एवढा गोंधळ झाला की चेअरमनला दिवाळीला आणखी एक हप्ता द्यावा लागला. म्हणजे बघा, अंकुश लावला तो ऑडिटरनं पण नाही आणि साखर आयुक्तांनी पण नाही, तो लावला शेजारच्या तालुक्याच्या भावानं आणि पाच वर्षांनी येणाऱ्या मतपेटीनं. तुलनेला उत्तर प्रदेश घ्या. तिथं कारखाने बहुतेक खासगी, भाव राज्य सरकार जाहीर करतं आणि शेतकऱ्याला जोर लावायचा तो लखनौवर, कारखान्यावर नाही. थकबाकीच्या बातम्या तिथून वर्षानुवर्षं येतात.

पैसा नुसता बिलात नाही आला. प्रत्येक टनामागं कपात करून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. १९८३ मधे वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजना परवानगी दिली आणि माळरानावर कॉलेजं उभी राहिली. माझी आत्या अशाच एका कॉलेजमुळं तालुक्याबाहेर न जाता शिकली. उसाच्या पैशातून गावाला काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी आधी तिचं नाव घेतो. त्या कपातीला सभेत हात वर करून मंजुरी दिली जायची हे खरं, आणि त्या संस्थांचे ट्रस्ट पुढं एकेका घराण्याकडे राहिले हेही खरं, कारखान्यात जसं मत होतं तसं ट्रस्टमधे सभासदाला नव्हतं.

ज्यांचं मत या हिशोबात नव्हतं

इथं मला थांबून लिहायचंय कारण सहकाराचं कौतुक करताना आमच्याकडचे लोक, मीसुद्धा, हे पटकन ओलांडून जातो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला बीड, नगरचा पाथर्डी-शेवगाव भाग, जालना, परभणी अशा ठिकाणांहून लाखो ऊसतोड कामगार निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने तोड. (उसाच्या पहिल्या हप्त्यालाही शेतकरी उचलच म्हणतो. शब्द एकच, पण एकाची उचल त्याच्या मालाचे पैसे असतात आणि दुसऱ्याची उचल म्हणजे डोक्यावरचं कर्ज.) कागदावर हा कामगार कारखान्याचा नाही, मुकादमाचा, मुकादमाशी करार वाहतूक ठेकेदाराचा. म्हणजे बोनस नाही, रजा नाही, फंड नाही. तो सभासद नाही म्हणून चेअरमनच्या निवडणुकीत नाही, आणि मतदार आहे तो शंभर-दोनशे किलोमीटर लांबच्या मतदारसंघात. ज्या चेअरमनच्या फडात तो राबतो त्याला या माणसाच्या मताची गरजच नाही. भाव सभासदाला चांगला देता आला त्यातला काही वाटा या स्वस्त तोडीतून आलाय, हे मान्य करायला आम्हाला फार जड जातं.

२०१९ मधे बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढल्याच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली तर १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड लावतो, पाळीत काम जमत नाही, फडात पाणी नाही संडास नाही, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. मी हे आकडे वाचले तेव्हा आमच्या फडातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या बायका डोळ्यासमोर आल्या, लहानपणी त्यांच्याकडून वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याच्या) पेंढ्या आणायला मी जायचो आणि रात्री या बायका कुठं जात असतील हा विचार तेव्हा कधी मनात आला नाही.

कामगारांची ताकद जिथं उभी राहिली तिथं फरक पडला हेही तितकंच महत्त्वाचं. गोपीनाथ मुंडे बीडचे, ऊसतोड कामगारांचे नेते, संप करून दर वाढवून घेण्याची ताकद त्यांनी दाखवली, मग शरद पवार आणि मुंडे यांचा लवाद बसायचा आणि दर ठरायचा. पुढं परळीत त्यांचा स्वतःचाही वैद्यनाथ कारखाना झाला, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना तेच. जानेवारी २०२४ ला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला ३६६ रुपये. ही वाढ मिळाली कारण तोडायला माणसं कमी पडायला लागलीत, पोरं पुण्याला कंपनीत जातात, आणि हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडायचं यंत्र, सगळ्या रानात चालत नाही.

दुसरं पाण्याचं. महाराष्ट्रात एकूण पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात जवळपास ७० टक्के, हे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानंच मांडलेलं. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला साधारण ५ लाख लिटर. त्याच मराठवाड्यात त्या हंगामातही कारखाने ऊस गाळत होते. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा ज्वारी-हरभऱ्यावाला शेतकरी कुठल्या कारखान्याचा सभासद नसतो, त्याला पाण्याच्या आवर्तनाच्या बैठकीत कुणी बोलवत नाही, आणि वर बसलेला आमदार उसाच्या मतांवर आलेला असतो. २०१९ मधे मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी तिथं उसावर बंधन आणा असा अहवाल दिला. बंदी आली नाही. ज्यांनी आणायची त्यातल्या अनेकांचे कारखाने होते.

विस्कटली कुठे

माझ्या मते घडी विस्कटायला सुरुवात झाली ती कारखाना आधी आणि ऊस नंतर असं व्हायला लागलं तेव्हा. प्रवरेला पाणी होतं, ऊस होता, पतपेढी होती, मग कारखाना आला. ऐंशी-नव्वदच्या दशकात मात्र प्रत्येक नेत्याला कारखाना पाहिजे होता कारण कारखान्याशिवाय तालुका हातात येत नाही हे सगळ्यांना कळलं होतं, आणि पक्षालाही नेते सांभाळायचे होते. मग जिथं ऊस पुरेसा नाही, कालवा नाही, तिथंही लायसन, भागभांडवल आणि थकहमी गेली. अशा कारखान्याच्या चेअरमनची खुर्ची सभासदाच्या उसावर उभी नव्हती, ती मुंबईच्या सहीवर उभी होती. शेतकरी नाराज झाला तरी कर्जाचं पुनर्गठन होणार आणि पगार निघणार. आजोबांच्या सभेतला अंकुश इथं लागूच पडत नव्हता.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे या चौघा अर्थतज्ज्ञांनी २००१ साली महाराष्ट्राच्या याच कारखान्यांवर अभ्यास केला. भाव सगळ्यांना सारखा द्यावा लागतो म्हणून जिथं मोठ्या शेतकऱ्यांची पकड असते तिथं भावच कमी ठेवायचा आणि कारखान्यात उरलेल्या पैशातून आपला फायदा काढायचा, असा त्यांचा मुद्दा. जिथं सभासद बऱ्यापैकी एकसारखे तिथं हे कमी, जिथं मोठे-लहान यांत दरी आणि दोघांची मिसळ तिथं जास्त. २०१२ साली संदीप सुखटणकर यांनी दाखवलं की ज्या कारखान्यांचे चेअरमन निवडणुका लढवतात त्यांच्याकडे निवडणुकीच्या वर्षात उसाचा भाव पडतो, म्हणजे प्रचाराचा पैसा टनामागं शेतकऱ्याच्या बिलातून निघतो, आणि निवडून आल्यावर कदाचित तो शेतकऱ्याला दुसऱ्या वाटेनं परत केला जातो, म्हणून लोक सहन करतात. हे वाचून मी चुलत्यांना फोन केला होता. ते म्हणाले, "अरे त्यात नवीन काय, आपल्याला माहीतच होतं."

झोनबंदी पण लक्षात घ्या. १९८४ च्या आदेशानं कुठल्या गावाचा ऊस कुठल्या कारखान्याला जायचा हे ठरवून दिलेलं. जोपर्यंत सभेत आवाज चालत होता तोपर्यंत यात कारखान्याला उसाची खात्री होती आणि शेतकऱ्याला तोडीची. आवाज बंद झाला, म्हणजे मयत सभासदांची नावं यादीत तशीच, वारसनोंद वर्षानुवर्षं लटकलेली, विरोधकाच्या उसाला तोडच उशिरा, सभा दहा मिनिटांत "मंजूर, मंजूर" म्हणत संपलेली, तेव्हा तीच झोनबंदी फास झाली. आमच्याच घरी एका वर्षी चुलत्यांनी सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारला आणि आमचा आडसाली (दीड वर्षाचा) ऊस मार्चपर्यंत रानात उभा राहिला, तुरे आले, वजन गेलं, आणि त्या वर्षी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करावं लागलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं झोनबंदीविरुद्ध लढा दिला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती उठली. १९९८ मधे केंद्रानं साखरेचं लायसनही काढून टाकलं, आणि खासगी कारखान्यांना रस्ता मोकळा झाला.

मग पुढचं वेगात घडलं. कर्जबाजारी सहकारी कारखान्यांची थकबाकी राज्य सहकारी बँकेत साठत गेली, मे २०११ मधे रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर या शिखर बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. त्या काळात बरेच बंद कारखाने विक्रीला निघाले, काही भाड्यानं गेले, आणि घेणाऱ्यांत राजकारणाशी जोडलेल्या कंपन्या आहेत, किंमत कमी लागली, असे आरोप झाले. २०१९ मधे मुंबई हायकोर्टानं गुन्हा नोंदवायला सांगितला, त्याच्या चौकशा पुढं वेगवेगळ्या वळणांनी गेल्या म्हणून मी त्यावर निकाल देत नाही. पण २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात १९९ कारखाने चालले, विक्रमी १३७ लाख टन साखर झाली, उत्तर प्रदेशला मागं टाकलं, आणि त्या १९९ मधले जवळपास निम्मे खासगी होते. उत्पादन सगळ्यात जास्त आणि सभासदाचं मत सगळ्यात कमी ठिकाणी, अशी ही स्थिती.

सगळीकडे असं झालं नाही हे सांगितलंच पाहिजे. वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींनी उभा केलेला हुतात्मा कारखाना उतारा आणि भाव यांसाठी वर्षानुवर्षं नावाजला गेला. प्रतिसरकारच्या चळवळीतून आलेली माणसं, काटकसर, आणि मुख्य म्हणजे सरकारशी भांडून मिळवलेला कारखाना, त्यामुळं त्यांना मुंबईच्या मेहरबानीपेक्षा सभासदाचीच साथ जास्त लागायची. कायदा तोच, हवामान तेच, पण खुर्चीचा आधार वेगळा.

आता

आता शेतकऱ्याचा जोर दोन ठिकाणी उरलाय, रस्त्यावर आणि कोर्टात. शेतकरी नेते राजू शेट्टी यांची जयसिंगपूरची ऊस परिषद दर हंगामाच्या आधी होते आणि पहिली उचल किती यावर आंदोलन ठरतं. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचा कायदा १९६६ पासून आहे, २०२२ मधे राज्य सरकारनं एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव) दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली, त्याविरुद्ध शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मधे हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला. दुसरीकडे जुलै २०२१ मधे केंद्रात नवीन सहकार मंत्रालय झालं, अमित शहा त्याचे मंत्री, आणि २०२३ च्या बजेटमधे सहकारी साखर कारखान्यांच्या जुन्या इन्कम टॅक्सच्या वादावर सुमारे १० हजार कोटींचा दिलासा मिळाला. शेतकऱ्याला जास्त भाव दिला तो नफा धरून त्यावर टॅक्स लावला होता, तो अन्याय होता आणि गेला ते बरं झालं. पण चेअरमनची फाईल आता मुंबईऐवजी दिल्लीला जाते, आणि मागच्या काही वर्षांत किती साखर घराण्यांनी पक्ष बदलले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. थकहमी जिथून येते तिकडे खुर्ची वळते, मग सभासदानं कुणालाही निवडून दिलेलं असो.

आमच्या चुलत्यांचा ऊस आता चाळीस किलोमीटरवरच्या खासगी कारखान्याला जातो. पैसे बऱ्यापैकी वेळेत येतात, हे प्रामाणिकपणे सांगतो, बँकेचा मेसेज मोबाइलवर येतो. मागच्या हंगामात एका ट्रॅक्टरच्या वजनात त्यांना फरक वाटला, गावच्या काट्यावर आधी केलेलं वजन आणि कारखान्याची पावती जुळेना. शेतकी ऑफिसमधल्या मुलानं नम्रपणे सांगितलं की काका, अ‍ॅपवर तक्रार टाका. चुलत्यांनी माझ्याकडून ती टाकून घेतली, नंबर आला, तो त्यांनी वहीत लिहून ठेवलाय. वही त्या ट्रंकेतच ठेवतात, शेअर सर्टिफिकेटच्या वर.